कुणाचं कुणावाचून अडायला हवं

सहिष्णुता हा शब्द मला अपुरा वाटतो. त्याच्या पोटात सहन करणं आहे, आणि ज्याला नुसतं सहन करायचं त्याची ओळख करून घ्यावी असं कुणाला वाटत नाही. भाषा, धर्म, रीतीभाती वेगळ्या असलेली माणसं एकाच जिन्यावरून वर्षानुवर्षं ये-जा करतात आणि एकमेकांची नावंही त्यांना ठाऊक नसतात. भांडण नाही, म्हणजे सगळं आलबेल असं आपण धरून चालतो. मग दूर कुठेतरी ठिणगी पडते आणि समोरचं दार एकदम परकं वाटू लागतं.

१९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं शाळेत एकत्र आली, तेव्हा मारामाऱ्या सुरू झाल्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी वर्गात बसून पाहिलं, तर सगळी चढाओढच. प्रश्न आला की हात वर करायचे, दुसरा चुकला की खूश व्हायचं. त्यांनी मुलांचे छोटे मिश्र गट केले आणि धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. आता जो मुलगा बोलताना अडखळतो, त्याच्याकडचा तुकडा गटात दुसऱ्या कुणाकडेच नाही. त्याची टिंगल केली तर नुकसान आपलंच. मुलं थांबून ऐकू लागली, त्याला नीट विचारू लागली, आणि हळूहळू तो त्यांना आवडूही लागला.

सलोख्यावर एकही भाषण झालं नव्हतं. 'कुणाचं कुणावाचून अडत नाही' असं आपण सहज म्हणून जातो. मला वाटतं, जिथे खरंच अडतं तिथेच शेजार तयार होतो.

अर्थात, याला मर्यादा आहे आणि ती लपवू नये. इराकमध्ये विस्थापित ख्रिश्चन फुटबॉलपटूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घेतले गेले. राज्यशास्त्राच्या संशोधक सल्मा मूसा यांचा हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हंगाम संपल्यावर सहा महिन्यांनीही मिश्र संघांतले ख्रिश्चन खेळाडू मुस्लिमांबरोबर सरावाला येण्याचं प्रमाण जास्त होतं. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी वागताना मात्र फारसा फरक दिसला नाही.

हे वाचून मी निराश झालो नाही. एका मैदानाकडून याहून जास्त मागणं अन्यायाचं आहे. पालकसभा, कामगार संघटना, इमारतीच्या पाण्याची बैठक इथे आपण अजूनही आपापल्या माणसांशेजारचीच खुर्ची धरतो. मीही धरतो, आणि ते मला आता सलतं.