विक्रांतचा बॉयलर, बेलफास्टचा तळ

लंडनमध्ये टॉवर ब्रिजजवळ टेम्सच्या पात्रात नांगरलेल्या ‘एचएमएस बेलफास्ट’ या जुन्या ब्रिटिश क्रूझर युद्धनौकेच्या बॉयलरघरात जायचे तर शिडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी कठडे धरून उतरावे लागते. खाली पितळी चाकांच्या झडपा आहेत, रंगावर रंग चढून बोथट झालेले नटबोल्ट आहेत. तिथे उभा राहिलो की मला मात्र दुसऱ्याच जहाजाचा बॉयलर आठवतो.

१९७१ च्या युद्धात भारताच्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता. विमाने उडवायची तर जहाजाने वाऱ्याला सामोरे जाऊन वेग घ्यावा लागतो, आणि नेमका वेगच उणा पडत होता. तरीही ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. ब्रिटनमध्ये १९४३ साली ‘हर्क्युलिस’ या नावाने तिची बांधणी सुरू झाली, महायुद्ध संपताच काम रखडले आणि १९५७ मध्ये भारताने ती अर्धवट अवस्थेत विकत घेतली. ती पूर्ण झाली बेलफास्ट शहरातील हार्लंड अँड वुल्फच्या गोदीत, म्हणजे १९३८ मध्ये ही क्रूझर जिथे पाण्यात उतरली तिथेच. १९९७ मध्ये निवृत्त झालेली विक्रांत २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये साधारण ६० कोटींना विकली गेली आणि मुंबईच्याच दारूखाना भागात, जिथे जुनी जहाजे तोडतात, तिथे तोडली गेली.

विक्रांत जपायला हवी होती का, यावरून दर नौदल दिनाला (४ डिसेंबर) माझ्या मुंबईकर मित्रांत जुंपते. एक पक्ष म्हणतो, इतिहास जपणे इंग्रजांकडून शिकावे. इथे राहून मला ते पटत नाही. इंग्रजांनी त्यांची शेवटची बॅटलशिप ‘व्हॅनगार्ड’ १९६० मध्ये भंगारातच काढली, आणि फॉकलंड युद्धात त्यांच्या ताफ्याचे नेतृत्व करणारी ‘हर्मीस’, म्हणजे आपली ‘विराट’, अखेर गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर संपली. बेलफास्ट जपायलासुद्धा १९७१ मध्ये सरकारने नकारच दिला होता. मग एका खासगी विश्वस्त संस्थेने ती पदरात घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लोकांसाठी खुली केली. १९७८ पासून ती इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहे. १९९९ मध्ये तिला सुक्या गोदीत नेऊन तळाची डागडुजी झाली.

दुसरा पक्ष खर्चाकडे बोट दाखवतो, आणि तो चूक नाही. पण त्याचा हिशेब पहिल्या दिवशीच थांबतो. विराटचे संग्रहालय करण्यासाठी २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला होता. त्या चर्चेत रोषणाई होती, पर्यटन होते. पंधराव्या वर्षी तळाचा गंज कोण खरवडणार, हा प्रश्न मला तरी कुठे वाचायला मिळाला नाही. खाऱ्या पाण्यातले पोलाद कोणाच्या भावनेसाठी थांबत नाही. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी टिकली, कारण तिला पाण्याबाहेर ओढून वाळूवर ठेवले. विक्रांतएवढे धूड ओढता आले नसते, हे उघडच आहे.

आता सिंधुदुर्गात निवतीजवळ ‘गुलदार’ ही निवृत्त नौका समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना राज्याने हाती घेतली आहे. यंदाच्या डिसेंबरात मित्रांनी विक्रांतऐवजी तिच्यावरून भांडावे: पाणबुडे तिच्या पोटात शिरू लागले की त्यातल्या वाटा सुरक्षित आहेत का, हे दरवर्षी कोण तपासणार, आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून येणार?