खणाचा कुर्ता, २४९० रुपये आणि इचलकरंजीच्या काकांची कमेंट

काका, तुमची कमेंट मंगळवारी रात्री साडेअकराला वाचली, हुक लावत बसले होते तेव्हा, आणि जे पहिलं उत्तर टाईप केलं ते नशिबानं पाठवलं नाही. मग दोन दिवस गेले. आता नीट बसून लिहिते, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी ती कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या आठवड्यात मी डिझायनर म्हणून माझ्या एका दिवसाबद्दल लिहिलं होतं, सकाळची स्केचबुक, कॉफीचा मग, टेबलावर पसरलेला जांभळा खण वगैरे. त्यावर इचलकरंजीच्या एका काकांचं म्हणणं असं की हा खण बाजारात दीडशे रुपये मीटरनं मिळतो, शिलाई धरून कुर्ता सात-आठशेत होतो, मग तुम्ही २४९० घेता ते नुसत्या 'डिझायनर' या शब्दाचे का? दुसरं, फोटोतली किनार बघा, हे कापड हातमागाचं नाही. आणि तिसरं, माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं हेच काम केलं, लोक त्यांना शिंपीच म्हणाले, आणि त्यांनी कधी कॉफीच्या मगाचा फोटो काढला नाही.

किनारीचं आधी घेते, कारण तिथं तुम्ही बरोबर आहात.

मी फोटो झूम केला, मग उठून तागाच काढला आणि मशीनच्या दिव्याखाली धरला. कडेला बारीक झालर, प्रत्येक आडवा धागा टोकाला कापलेला. हातमागावर धोटा इकडून तिकडं जातो आणि तोच धागा घेऊन परत फिरतो, म्हणून किनारीशी धागा वळतो, किनार बंद असते. रेपिअर नावाच्या यंत्रमागावर धोटाच नसतो, प्रत्येक धागा वेगळा ओढायचा आणि कडेला कापायचा. हे मला माहिती आहे हो, मी लोकांना शिकवते हे, सात ऑगस्टला हातमाग दिनाची भली मोठी पोस्ट टाकणारी मीच. पण आधीचे तीन तागे मी स्वतः कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला जाऊन आणले होते, जमखंडी-बागलकोट करत, विणकराच्या घरात, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणतात त्या मागाच्या शेजारी बसून, आणि चौथा गौरी-गणपतीच्या घाईत एका व्यापाऱ्याकडून घेतला. तो म्हणाला, सेम माल आहे मॅडम, मी हात फिरवला, रंग बघितला, पैसे दिले. किनार बघितली नाही. ज्याला माग माहिती आहे अशा गावच्या माणसानं मोबाईलवर बघून ओळखलं आणि कापड माझ्या टेबलावर असून मला दिसलं नाही.

त्या ताग्यातले पाच कुर्ते गेलेत. पाचही जणींना काल फोन केला, कुर्ता परत करायचा असेल तर पूर्ण पैसे, ठेवायचा असेल तर ६०० रुपये परत. तिघींनी ठेवला, एकीनं परत पाठवलाय, एक फोन उचलत नाहीये. 'हातमाग' हे लेबल उसवून टाकलंय उरलेल्या कुर्त्यांचं. आणि हे पण सांगते, यंत्रमागाच्या कापडात कमीपणा काही नाही, तुमच्याच गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि त्यावर गाव उभं राहिलं, माझ्या स्वतःच्या अंगावर आत्ता इचलकरंजीचंच कापड आहे. कमीपणा खोट्या लेबलात आहे आणि तो माझ्याकडून झाला.

आता २४९०. इथं मात्र मी ऐकून घेणार नाही.

तुम्ही म्हणता तो दीडशेचा खण मी पण घेतलाय, ४४ इंच पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा, चकचकीत, पॉलिस्टरचा. अडीच मीटरमध्ये कुर्ता निघतो. हातमागाचा खण मुळात चोळीसाठी विणला जायचा, त्याचा पन्हा ३२ इंचाच्या आसपास. त्यात पुढची बाजू एका रुंदीत बसते पण जरा घेर दिला की बसत नाही, बाजूला कळ्या जोडाव्या लागतात, बाही आडवी काढता येत नाही कारण नक्षी झोपते. त्यात दोन्ही काठ डावी-उजवीकडं सारखे आले पाहिजेत. म्हणजे कापड लागतं पावणेचार मीटर, मला ते पडतं २८० नं. झाले १०५०. अस्तर १४०. शिलाई ४५०, ती माझ्याकडच्या मावशींची, त्या दिवसाला दोनच कुर्ते शिवतात आणि त्यांनी तीन शिवावेत अशी माझी इच्छा नाही. कटिंग, पिको, हुक-बटण मिळून ६०. कुरिअर आणि डबा ११०. जीएसटी ५ टक्क्यानं ११८ च्या पुढं.

आणि मग जे कुणाला दिसत नाही ते, सँपल. प्रत्येक नवीन कुर्ता मी आधी मांजरपाटात, म्हणजे साध्या सुती कापडात शिवते, कमीत कमी दोनदा. पहिल्यांदा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, चुकतो. नेहमी चुकतो. मी नऊ वर्षं हे करतेय आणि अजून माझा मुंढा पहिल्या फटक्यात बसलेला नाही, कारण खण कडक असतो आणि मांजरपाट मऊ, कागदावर जे बरोबर दिसतं ते हात वर केला की काखेत ओढतं. या दोन सँपलचा खर्च साधारण बाराशे. कारखाना पाचशे पीस काढतो, त्याला सँपल पिसामागं अडीच रुपयाला पडतं. मी आठ काढते, मला दीडशेला पडतं. परत आलेला माल, डाग पडलेला माल यासाठी शंभर धरते, तेवढ्यात भागत नाही तो भाग वेगळा.

बेरीज करा, २१८० च्या जवळ जाते. उरतात ३१०. त्यात भाडं, लाईट बिल, मशीनचा बेल्ट आणि मी. ते पण आठच्या आठ विकले गेले तर, आणि आठवा नेहमी एक्सएस साईजचा राहतो.

'२४९० ही बाटाछाप किंमत' असं पण तुम्ही लिहिलंय. आता त्याची खरी गंमत ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजाराच्या आतल्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आणि वर गेला की १८. आधी ही रेषा हजारावर होती, आत ५ आणि वर १२. म्हणजे कुर्त्यावर मी दोनशे रुपयांचं हातकाम वाढवलं तर गिऱ्हाईकाला दोनशे नाही, पाचशेच्या वर जास्त द्यावे लागतात, आणि ते जास्तीचे काही हातकाम करणारीला जात नाहीत. म्हणून बाहीवरचं कशिदाकाम या वेळी काढून टाकलं. डिझाईन म्हणून काढलं नाही, स्लॅब म्हणून काढलं. डिझायनर लोक कसे निर्णय घेतात त्याचा हा एक नमुना.

बरं, कॉफीचा मग. तो फोटो खरा आहे, कॉफी पण खरी होती, बारा मिनिटांत प्यायले. त्या दिवसाचं बाकीचं लिहिलं नव्हतं कारण ते वाचायला कंटाळवाणं आहे असं वाटलं, बहुतेक तिथंच चुकलं. त्या दिवशी सकाळपासून तेवीस जणींना 'प्राइस प्लीज' चं उत्तर दिलं, किंमत फोटोखाली लिहिलेली असताना. मग इथं सांगलीच्या कापड पेठेत जाऊन जांभळ्या खणाला मॅचिंग रीळ शोधली, पाऊण तास. खणाचा जांभळा एक रंग नसतो, उभा धागा एक आणि आडवा एक, दुकानाच्या ट्यूबखाली वांगी कलरची रीळ बरोब्बर जुळते आणि रस्त्यावर उन्हात आणली की किरमिजी निघते. दुकानदार आता मला बघितलं की स्वतःच रिळांचा डबा घेऊन दाराशी येतो. दुपारी मावशींच्या मशीनची शटल बिघडली. संध्याकाळी कुरिअरवाल्याशी भांडण, पार्सल दोन दिवस 'आऊट फॉर डिलिव्हरी'. कात्री मी त्या दिवशी एकूण दीड तास धरली असेल.

आता शेवटचं, तुमच्या वडिलांचं. मला झोंबलं ते हेच, किंमतीचं नव्हतं.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. जे काम सदाशिव पेठेतल्या बोर्डाखाली डिझाईन होतं तेच पेठेच्या मागच्या बोळात शिवणकाम होतं. नामदेव महाराज शिंपीच होते, सातशे वर्षं आपण त्यांचे अभंग म्हणतो आणि ब्लाऊज दोन दिवस उशिरा मिळाला तर शिंप्याला दारात उभं राहून बोलतो. पण डिझायनर हा शब्द नुसता नखरा आहे हे नाही मान्य मला. कोल्हापूरच्या भानू अथय्यांना 'गांधी' च्या कपड्यांसाठी ऑस्कर मिळालं, भारतीय माणसाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर, तेव्हा तो शब्द आपल्याकडं तरी कुठं कुणाला माहिती होता. कपड्याचा आधी विचार करणं हे एक काम आहे. फक्त तो विचार तुमचे वडील पण करत होते आणि त्याचे पैसे त्यांना कुणी वेगळे दिले नाहीत, ही गोष्ट माझ्या पोस्टमध्ये कुठं नव्हती.

मला एक नाद आहे, घरात सगळे हसतात. जुने कपडे उसवून बघायचे. नातेवाईकांकडं गेले की जुने ब्लाऊज मागून आणते, फाटके असले तर उत्तमच. आजीचा एक हिरव्या खणाचा ब्लाऊज आहे, सांगलीतल्याच कुठल्यातरी शिंप्यानं शिवलेला, नाव कुणाला आठवत नाही. त्याच्या बगलेत दोन्हीकडं दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, ठेवलेली. आणि त्या मायेत एकाशेजारी एक तीन शिवणींच्या खुणा. सगळ्यात आतली आजी लग्न होऊन आली तेव्हाची, दुसरी माझ्या काकाच्या वेळची असणार, तिसरी आई सांगते ती पन्नाशीनंतरची. जिथं जुनी शिवण उसवली तिथं खण गडद हिरवा आहे, ऊन न लागलेला, बाकी सगळा विटलेला. आणि काखेत एक चौबगला, म्हणजे हात मोकळा हलावा म्हणून जोडलेला कापडाचा तुकडा, दोन इंचाचा, इतका बारीक बसवलेला की आधी मला दिसलाच नाही, उलटा केल्यावर हाताला लागला.

तो चौबगला मी कागदावर उतरवून घेतला. काखेत ओढणाऱ्या त्या कडक खणावरचं उत्तर तेच आहे, आणि माझ्या आत्ताच्या कुर्त्यात तोच आहे, थोडा मोठा केलेला. माया पण मी दीड इंचच ठेवते. रेडिमेड कुर्ता उलटा करून बघा, ओव्हरलॉकच्या आत बोटभर पण कापड नसतं, जाड झालात की दुसरा घ्या. मावशी म्हणतात किती कापड वाया घालवतेस, मी म्हणते असू दे. म्हणजे २४९० मधले चाळीस-पन्नास रुपये तुमच्या वडिलांच्याच पद्धतीचे आहेत काका, आणि मी पोस्टमध्ये ती आयडिया माझी असल्यासारखी 'साईज-फ्रेंडली डिझाईन' म्हणून लिहिली होती. ते वाक्य आज बदललंय, बघा.

एक विचारायचं होतं. तुमच्या वडिलांची मापाची वही अजून आहे का? लाल पुठ्ठ्याची, कापडाचा तुकडा टाचणीनं लावलेली, तशी बऱ्याच जणांकडं असायची. असली तर चौबगल्याचं माप ते वेगळं लिहायचे की मुंढ्यावरून अंदाजानं काढायचे, तेवढं बघून सांगाल का. मी पुढच्या आठवड्यात सूत बघायला इचलकरंजीला येतेच आहे. वही बाहेर द्यायची नसेल तर तिथं बसूनच उतरवून घेईन, आणि तो तागा पण घेऊन येते, किनार तुम्ही हातात धरून बघा.