बर्फ वितळवला कुणी?

परग्रहवासीयांच्या जुन्या विज्ञानकथांबद्दल एक मत हल्ली फार फॉरवर्ड होतंय. त्यातला जिज्ञासू शास्त्रज्ञ म्हणे हात दाखवून अवलक्षण करून घेतो, माणसांच्या जिवाशी त्याला देणंघेणं नसतं, आणि त्याने घातलेला घोळ शेवटी बंदूकवाले निस्तरतात.

साक्षीला हमखास उभा केला जातो १९५१च्या ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ या सिनेमातला शास्त्रज्ञ डॉ. कॅरिंग्टन. त्याचं वकीलपत्र मी घेणार नाही. माणसांचं रक्त पिणाऱ्या, वनस्पतीसारख्या परग्रही प्राण्याची रोपं तो गुपचूप प्लाझ्मा घालून वाढवतो. पण आधी काय घडलं तेही बघा. बर्फात रुतलेलं त्या प्राण्याचं यान थर्माइट (प्रचंड उष्णतेने जळणारं मिश्रण) लावून उडवलं ते हवाई दलाच्या लोकांनी. बर्फाच्या लादीत गोठलेला प्राणी वितळवून तपासायचा कॅरिंग्टनचा हट्ट कॅप्टनने धुडकावला होता. तरी प्राणी सुटला, कारण पहाऱ्यावरच्या जवानाला त्याच्याकडे बघवेना, म्हणून त्याने बर्फाच्या लादीवर ब्लँकेट टाकलं. ब्लँकेट विजेचं होतं, आणि चालू होतं!

आता दगडी काळजाचा मुद्दा. १८९८च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीतला खगोलशास्त्रज्ञ ओगिल्वी पहाटे एकटाच मंगळावरून येऊन पडलेल्या नळकांड्यापाशी पोचतो. पाच मिनिटांपूर्वी आपल्या बाजूला असलेली काळी खूण आता पलीकडे गेलीय, हे त्याच्या लक्षात येतं. म्हणजे झाकण आतून फिरतंय. त्याच्या मनात पहिला विचार कुठला? आत माणसं आहेत, अर्धमेली भाजलीत, बाहेर पडायला धडपडताहेत. तो मदतीला धावतो, पण धग त्याला अडवते. मग तो गावाकडे पळत सुटतो. वाटेत गाडीवान त्याला वेडा समजतो, आणि दारूच्या गुत्त्यावरचा नोकर तर त्याला कोंडूनच ठेवायला बघतो. जिज्ञासूंच्या नशिबी हे नेहमीचंच.

पुढे पांढरं निशाण घेऊन गेलेला ओगिल्वी मंगळवासीयांच्या उष्णकिरणाने जळून मरतो हे खरं. पण त्या रात्री जवळपास चाळीस माणसं मेली, आणि त्यात बरीचशी नुसती बघायला जमलेली होती.

बंदूकवाल्यांचं म्हणाल, तर मंगळवासीयांना तोफांनी नाही, जिवाणूंनी मारलं. १९५१च्याच ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ या सिनेमात परग्रहावरचा पाहुणा क्लाटू भेटवस्तू पुढे करतो आणि घाबरलेला शिपाई गोळी झाडतो. क्लाटूचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी शास्त्रज्ञांना गोळा करतो तो प्रा. बार्नहार्ट.

कॅरिंग्टनचा सिनेमा ज्या कथेवरून निघाला, त्या १९३८च्या ‘हू गोज देअर?’मध्ये मात्र वितळवायचा आग्रह जीवशास्त्रज्ञ ब्लेअरचाच, आणि तो मान्यही होतो. हे लपवण्यात अर्थ नाही. फक्त माणसाचं रूप घेऊन बसलेला प्राणी कोणता, हे तिथे पिस्तुलाने कळत नाही. मॅक्रेडी नावाचा हवामानशास्त्रज्ञ प्रत्येकाच्या रक्ताला तापलेली तार लावतो. माणसाचं रक्त असेल तर ते नुसतं चरचरतं. त्या प्राण्याचं असेल तर ते जीव वाचवायला तारेपासून पळू लागतं.