टाकीच्या जागी डिकी

विजेवर चालणाऱ्या मोटारसायकलला पेट्रोलची टाकी लागत नाही. परंतु टाकी नसलेल्या मोटारसायकलकडे आपल्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, हे कंपन्यांना पक्के ठाऊक असल्यामुळे त्या टाकीच्या आकाराचे प्लॅस्टिकचे एक सोंग पुढे उभे करतात, त्याखाली बॅटरी बसवतात आणि तरीही वर जी वीतभर पोकळी उरते, तिला झाकण लावून माहितीपत्रकात ‘प्रशस्त स्टोरेज’ म्हणून छापतात. माझ्या गाडीला अशी प्रशस्त डिकी आहे. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. सिग्नल सुटल्यावर ती भल्याभल्यांना मागे टाकते. माझे भांडण फक्त त्या झाकणाशी आहे.

हे झाकण डावीकडे इतके घट्ट बसते की तिथे नख शिरत नाही आणि उजवीकडे इतके उदार होते की फटीतून दहा रुपयांचे नाणे आत टाकता येते. मी टाकून पाहिले. नाणे आत गेले, पण डिकीत काही सापडले नाही; ते डिकीचा तळ आणि बॅटरीची पेटी यांच्यामधल्या कुठल्याशा प्रदेशात स्थायिक झाले असून प्रत्येक गतिरोधकावर आपली हजेरी लावते. बॅटरीची मला चिंता नाही. तिला आयपी ६७ मानांकन आहे, म्हणजे तिच्यात धूळ शिरत नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली तरी पाणी शिरत नाही. हे मानांकन तिच्या डोक्यावर, चार बोटांच्या अंतरावर असलेल्या डिकीला मात्र लागू नाही.

पेट्रोलच्या गाडीत असले दोष खपून जातात, कारण इंजिनाच्या आवाजात बाकी सगळ्यांची कुरकुर बुडून जाते. या गाडीत ती सोय नाही. ‘नि:शब्द प्रवासाचा आनंद’ असे ज्याचे वर्णन विक्रेत्याने केले होते, त्या शांततेत झाकणाची खटखट, बिजागरीची किरकिर आणि माझे दहा रुपये हे सारे स्वच्छ ऐकू येते.

भोसरीला प्लॅस्टिक मोल्डिंगच्या धंद्यात असलेल्या माझ्या मित्राने झाकणाची नाडी पाहून निदान केले. साच्यातून निघालेले प्लॅस्टिक थंड होताना आकसते. एबीएस जातीचे प्लॅस्टिक असेल तर सुमारे अर्धा टक्का, पॉलिप्रॉपिलीन असेल तर एक ते दोन टक्के, आणि जिथे जाडी जास्त तिथे ते उशिरा थंड होत असल्यामुळे सगळा भाग एका अंगाला ओढला जातो. शिवाय काळे झाकण उन्हात तापले की फुगते. फूटभर लांबीला तीस अंशांच्या फरकाने पाऊण मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे आमची डिकी हिवाळ्यात खडखडते आणि मे महिन्यात उघडत नाही. मित्राने जाता जाता झाकणाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवले, ते कापले, आणि “बरसुद्धा, म्हणजे साच्यातून निघताना राहिलेली धारदार कोरसुद्धा, काढलेली नाही रे,” असे म्हणत तो बोट चोखत निघून गेला.

डिकी उघडण्याचे बटण आहे. ते दाबले की आत ‘टक्’ असा आवाज होतो, पडद्यावर ‘स्टोरेज उघडे आहे’ असे झळकते, आणि झाकण जागचे हलत नाही. मग डाव्या तळव्याने झाकणाला वरून दणका देत उजव्या अंगठ्याने पुन्हा बटण दाबावे लागते. एकदा किराणा दुकानासमोर हा विधी चालू असताना एका आजोबांनी मला टाकी बडवताना पाहिले आणि अत्यंत सहानुभूतीने सुचवले, “संपलं का? थोडी आडवी करा, चार थेंब येतील खाली.” हिरव्या नंबर प्लेटचा अर्थ त्यांना सांगावा असे वाटले होते, परंतु त्यांचा उपाय कंपनीच्या उपायांपेक्षा वाईट नव्हता, म्हणून गप्प राहिलो.

पावसाळ्याचे दु:ख निराळे आहे. झाकणाच्या कडेने रबराची पट्टी आहे, आणि तिची दोन टोके जिथे जुळायला हवीत पण जुळत नाहीत ती जागा नेमकी पुढच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर आहे. त्या पट्टीने पाण्याला आत येताना अडवले नाही, बाहेर जाताना मात्र कसोशीने अडवले. तळाला छिद्र नसल्यामुळे गाडीची कागदपत्रे आणि रुमाल घरी पोहोचेपर्यंत तरंगत होते.

सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने फटीवरून अंगठा फिरवून “टॉलरन्समध्ये आहे, सर,” म्हणजे एवढी फट चालते, असा निकाल दिला. मी आवाज चढवल्यावर त्याने आतून फोमची पट्टी चिकटवली, तेव्हा झाकण बंदच होईना. पट्टी काढली आणि जॉब कार्डावर ‘पुढील अपडेटमध्ये’ असे लिहिले. प्लॅस्टिकची फट अपडेटने कशी बुजणार, हे विचारण्याची हिंमत मला झाली नाही. अपडेट आला. आता डिकी उघडी राहिली की मोबाइलवर सूचना येते, आणि बंद असली तरीही येते, बहुधा रात्री.

शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून, दुमडून, सोल्यूशन लावून उजव्या फटीत असा काही बसवला की तिकडची खटखट पूर्ण थांबली. आता डावी बाजू वाजते.