अप्पर, डिपर आणि बारा व्होल्ट

कोकणात रात्री गाडी चालवणाऱ्या माणसाला कधी ना कधी वाटतंच, की आपल्या गाडीचे दिवे लागलेलेच नाहीत. पावसात डांबर काळंकुळकुळीत होतं, कडेचा पांढरा पट्टा गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात वाहून गेलेला असतो, आणि जिथे काहीतरी दिसायला हवं नेमक्या त्याच वळणावर विनादिव्याची सायकल, तिच्यामागे म्हैस आणि म्हशीमागे काळी छत्री घेतलेला तिचा मालक असा ताफा निवांत चाललेला असतो. फोंडा घाट उतरून असा जीव मुठीत धरून घरी आलेला माणूस चपला काढायच्या आधी जाहीर करतो, "उद्याच्या उद्या बल्ब बदलायचे."

बल्ब बदलायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बल्बपासून सुरुवात करण्याला.

दुकानदार खोकी मांडतो. एकावर लिहिलेलं असतं १३० टक्के जास्त प्रकाश, दुसऱ्यावर १००/९० वॅट, तिसऱ्यावर निळा गरुड आणि ४०,००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप). यातल्या पहिल्या खोक्यावर विश्वास ठेवायचा तर त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत एच-४ नावाचा, दोन तारांचा हॅलोजन बल्ब असतो : अप्परला (लांबच्या झोताला) ६० वॅट, डिपरला (खालच्या झोताला) ५५. १३.२ व्होल्टवर अप्पर साधारण १,६५० ल्युमेन देतो आणि डिपर १,०००. नियमाने ठरलेला हा आकडा फारसा हलत नाही. मग १३० टक्के येतात कुठून? तर बल्बमधली तार जास्त घट्ट गुंडाळून आणि जास्त तापवून रस्त्याच्या एका ठरावीक तुकड्यावर उजेड वाढवलेला असतो. एकूण उजेड दुप्पट-अडीचपट झालेला नसतो. तार जास्त तापते म्हणून बल्बचं आयुष्य कमी होतं, आणि आपल्या खड्ड्यांत ते आणखी कमी होतं. तरीही तिन्ही खोक्यांत प्रामाणिक माल हाच. निळ्या काचेचा हॅलोजन मात्र घेऊ नये. काचेवरचा निळा मुलामा उजेडातला काही भाग स्वतःच गिळतो आणि आपण त्याला जास्त पैसे देतो.

पण या कशाच्याही आधी वीस मिनिटं काढून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, लावावा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. ऐकायला हे दहावीच्या पेपरासारखं वाटतं, पण अर्थ साधा आहे : बल्बपर्यंत १३.२ ऐवजी ११.९ व्होल्ट पोचले, म्हणजे १० टक्के कमी, तर उजेड १० टक्के नव्हे, ३० टक्के जातो. आणि व्होल्ट कमी पोचायला कोकणासारखी दुसरी जागा नाही. देवगड-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात तांब्याच्या तारेवर हिरवी पूड चढते, वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या अर्थिंगचा बोल्ट बॉडीला गंजून बसतो, बल्बमागच्या कपलरच्या (तारांच्या जोडाच्या) पट्ट्या काळवंडतात. विजेला बल्बपर्यंत पोचायच्या आधी प्रत्येक सांध्यावर टोल भरावा लागतो.

तपासायची रीत अशी. इंजिन चालू, दिवे चालू, बल्ब जागेवर. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक आहे. मग कपलर न काढता त्याच्या मागून मीटरची सळई घुसवून एक टोक बल्बच्या प्लसवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर धरायचं. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत सांडताहेत. तसंच बल्बची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचं मायनस यांच्यातही मोजायचं. अर्थिंगच्या बाजूला ०.२-०.३ च्या वर काही दिसलं तर बल्ब परत खोक्यात ठेवा आणि वॉटर पेपर घ्या. तो बोल्ट काढून खालचा रंग घासून धातू चकचकीत करायचा, तारेच्या टोकाला नवीन थिंबल दाबून बसवायचं, घट्ट आवळायचं आणि वरून व्हॅसलिन फासायचं. खर्च चहा-भजीएवढा. निम्म्या गाड्यांचे दिवे इथेच जिवंत होतात असं माझं ठाम मत आहे, आणि दुकानदाराचं तितकंच ठाम मत याच्या उलट आहे.

प्लसच्या बाजूला गळती असेल तर रिले. जुन्या गाड्यांत दोन्ही बल्बांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. अप्परला ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे बारा व्होल्टवर १० अँपिअर. एवढा भार बारीक तारेतून घरभर फिरवण्यापेक्षा स्विचला फक्त हुकूम द्यायला ठेवावं आणि ओझं रिलेने उचलावं. चार पिनांच्या रिलेत ३० नंबरवर बॅटरीहून थेट तार, ८७ वरून बल्बला, ८५ आणि ८६ वर जुन्या कपलरचा इशारा आणि अर्थिंग. अप्परला एक, डिपरला एक. मुख्य तार २.५ चौरस मिलिमीटरची, बॅटरीपासून वितीभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज पुढे बल्बपाशी बसवणारे कारागीर आहेत. तार मध्येच घासून बॉडीला लागली तर तो फ्यूज शाबूत राहतो आणि गाडी जळते. रिले पिना खाली करून उंचावर बसवायचा, म्हणजे पाणी साचत नाही. काही गाड्यांत, विशेषतः जपानी घराण्यातल्या, स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो. तिथे बाजारातलं तयार वायरिंग किट तसंच जोडलं तर अप्पर लावला की भलतंच काहीतरी लागतं आणि वायरमन "किटच खराब आहे" म्हणून मोकळा होतो. नव्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाची नजर असते, तिथे तारांना हात न लावलेला बरा.

आता ते १००/९० वॅटचं खोकं. दोन बल्ब, अप्परला जवळजवळ १७ अँपिअर. मूळ तारेवर हे चढवलं की आधी प्लॅस्टिकचा कपलर मऊ होतो, मग तपकिरी होतो, मग बल्बला कायमचा चिकटतो. रिले आणि सिरॅमिक होल्डर लावून तारा वाचवल्या तरी उष्णता रिफ्लेक्टरवर जातेच. त्याचा चंदेरी मुलामा काळवंडला की शंभर वॅट जाळून पंचावन्नपेक्षा कमी उजेड मिळतो. उत्तम प्रगती.

आणि निळ्या गरुडाचं तिसरं खोकं, म्हणजे एलईडी. इथे मला थोडं जास्त बोलू द्या, कारण सागरी महामार्गावर समोरून येणारा दर दुसरा माणूस हल्ली हेच लावून येतो. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून फक्त रिफ्लेक्टरचा वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या कपाळावर नाही. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकली, किंवा जरा जाड असली, की वरची कडा पुसली जाते आणि उजेड माडाच्या शेंड्यापर्यंत पोचतो. चालवणाऱ्याला वाटतं, काय लख्ख दिसतंय! दिसतंय खरं, पण गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर. जवळचं फार उजळ झालं की डोळ्यांना लांबचं कमी दिसतं, आणि म्हैस लांबच असते.

एलईडीचे दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी आंदोलनं केली आणि अजूनही करतात. म्हणून कोणी असे दिवे लावून वाडीत शिरला, की अंगणातून एखादा आजोबा विचारतोच, "ह्या काय लावलंस रे? मासे पकडूक जातंस काय?" प्रश्न रास्त आहे.

लावायचाच हट्ट असेल तर निदान एवढं पाहावं. चिपा डावीकडे-उजवीकडे, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला हव्यात. वर-खाली झाल्या की संपलं. मागे पंखा असतो, त्यामुळे पाणी अडवणारा रबरी बूट बसत नाही. मग तो कापून भोक पाडतात आणि जुलैत दिव्यात मत्स्यालय तयार होतं. रेडिओ खरखरू लागला तर दोष आकाशवाणीचा नाही, ड्रायव्हरचा. म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटचा. खोक्यावर २०० वॅट असलं तरी अँपिअर मोजले तर बऱ्याचदा दोन-अडीचच भरतात, म्हणजे तीसेक वॅट. प्रोजेक्टरच्या, म्हणजे भिंगाच्या, दिव्यात कडा पडद्याने कापली जाते, त्यामुळे तिथे परिस्थिती जरा बरी. एचआयडीची, म्हणजे तारेऐवजी वायूतल्या ठिणगीने लागणाऱ्या दिव्याची, गोष्ट त्याहून वेगळी नाही. ३५ वॅटमध्ये ३,००० ल्युमेनच्या वर उजेड, पण साध्या रिफ्लेक्टरमध्ये तो बेशिस्तच, शिवाय बॅलास्ट (वीज वाढवून देणारा डबा) आणि वीसेक हजार व्होल्टचा ठिणगीचा खेळ दमट हवेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं, तेही खिशात असू द्यावं.

रंगाबद्दल लोक फार भांडतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात : हॅलोजन ३,२०० केल्विनच्या आसपास, पिवळसर, ६,००० पांढरा, ८,००० निळा आणि निरुपयोगी. आंबोलीच्या धुक्यात कोणताही अप्पर लावलात तरी समोर पांढरी भिंतच उभी राहते, कारण उजेड थेंबांवरून परत तुमच्याकडेच येतो. तिथे डिपर, खाली बसवलेले फॉग लॅम्प आणि सबुरी.

बल्बचा दोष नाही आणि तारेचाही नाही, तर काच बघा. ती खरं तर पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते आणि उन्हाने पिवळी पडते. टूथपेस्टने चमक येते ती आठवडाभर. नीट करायचं तर कडेने टेप लावून पाण्यासह ८०० चा वॉटर पेपर, मग १५००, मग २०००, मग कंपाउंड, आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा यूव्ही कोट. हा शेवटचा कोट गाळला तर मूळ संरक्षक थर आपणच घासून काढलेला असल्याने काच पहिल्यापेक्षा लवकर पिवळी पडते.

बसवताना दिवे बंद, बल्ब थंड. कपलर ओढायचा तो धरून, तारा धरून नाही. रबरी बूट, मग तारेची क्लिप. ही क्लिप सुटली की उडून कुठे जाते हे अजून विज्ञानाला सापडलेलं नाही. एच-४ च्या चकतीला तीन कान असतात आणि बल्ब एकाच पद्धतीने बसतो, तेव्हा जोर लावू नये. काचेला बोट लागू द्यायचं नाही. घामाच्या डागाखाली काच असमान तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसावं. दोन्ही बल्ब एकदम बदलावेत.

खरी परीक्षा यानंतर. गाडी उभ्या भिंतीसमोर १० मीटरवर, जमीन सपाट, टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या जागी माणूस बसलेला. दिव्याचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर डिपरची वरची कडा भिंतीवर ६० ला यायला हवी. दहा मीटरमागे दहा सेंटिमीटर उतार, म्हणजे उजेड ७० मीटरवर जमिनीला टेकतो. डाव्या बाजूला कडा थोडी वर चढते. तो दोष नाही, रस्त्याची कडा दिसावी म्हणून ती तशीच असते. एक दिवा पुठ्ठ्याने झाकून दुसऱ्याचा झोत वर-खाली करणारा स्क्रू फिरवायचा.

अडचण एकच : कोकणात १० मीटर सपाट जमीन. अंगण उतरतं, गल्ली चढते, जांभ्याचा गडगा वाकडा. राहतं ते शाळेचं मैदान किंवा देवळासमोरचं पटांगण. देवळाच्या भिंतीवर उजेड पडला की पाच मिनिटांत चारजण जमतात. एकजण म्हणतो वर घे, दुसरा म्हणतो डावीकडे, तिसऱ्याच्या मेहुण्याचं गॅरेज असतं. कोणाचंही ऐकू नये. खडूने ६० वर रेघ मारावी आणि रेघेचं ऐकावं.

मे अखेरीस डिकीत आंब्याच्या पेट्या, तांदूळ, दोन फणस आणि मागच्या सीटवर तीन माणसं घालून गाडी मुंबईला निघाली की तिचं नाक वर होतं आणि खडूची रेघ वाया जाते. त्यासाठी डॅशबोर्डवर ०, १, २, ३ अशी, झोत खाली उतरवणारी चकती असते. बहुतेकांनी ती कधी फिरवलेली नसते. भरलेल्या गाडीला २ किंवा ३, आणि पेट्या उतरवल्यावर परत शून्य. फणस पनवेललाच नातेवाइकांना दिला तर १ वरही चालेल.