हरकत घ्या, पण गाडी काढू नका

कॉलनीतल्या आरक्षित प्लॉटवर खाली दुकानं आणि वर फ्लॅट असं संकुल येणार, ही बातमी कानावर आली की एक पथ्य पाळा: कडुलिंबाखालची आपली गाडी अजिबात हलवू नका. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा सावलीवर तुमचाच हक्क. ती सावली नेमकी सार्वजनिक रस्त्यावर पडते, हा दोष झाडाचा.

आता अर्जाचं बघू. आरक्षण बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली नोटीस निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. त्यातले तीन आठवडे ओट्यावर बसून चर्चेला ठेवा. चौथ्या आठवड्यात नाना-आप्पांच्या सह्या घ्या, अन् ‘वाहतूक कोंडी’ हा शब्द प्रत्येक परिच्छेदात येऊ द्या. सोबत गल्लीतल्या कोंडीचा फोटो जोडा. फक्त काढताना थोडं तिरकं उभं राहा, म्हणजे तुमची गाडी चौकटीत येणार नाही.

तुमच्या बिल्डिंगचा तळमजलाही त्या फोटोत नको. मंजूर नकाशात तिथे पार्किंग आहे, जागेवर मोबाइलचं दुकान आहे. इमारतीखालचं मोकळं पार्किंग गॅरेज म्हणून वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलंय. तुम्ही कुठे विकलंय? भाड्याने दिलंय. आणि भाडेकरूच्या गिऱ्हाइकाला गाडी आडवी लावल्याबद्दल कोणी हटकलंच, तर तो ‘आतेच काढस भो’ म्हणतो आणि आत जाऊन स्क्रीनगार्ड बसवून घेतो. एवढी माणुसकी गावात अजून शिल्लक आहे.

बिल्डरही तयारीने येईल. नकाशावर कारला अडीच मीटर बाय पाच, स्कूटरला एक बाय दोन अशा चौकटी आखलेल्या असतील. तो सांगेल, दिवसा फ्लॅटवाले कामाला जातात, त्यांच्या रिकाम्या जागेत दुकानांचं गिऱ्हाईक मावतं. कागदावर हिशेब चोख आहे. पण आपल्याकडे उन्हाळ्यात भरदुपारी खरेदीला निघतो कोण? बाजाराला जाग येते ऊन उतरल्यावर, म्हणजे नेमकी फ्लॅटवाले घरी परततात तेव्हा. त्यात लग्नसराई. चोपडा, अमळनेर, यावलहून एकेक वऱ्हाड क्रूझर भरून बस्त्याला येतं. दहा मिनिटांच्या कामासाठी स्कूटरवाला तळघराचा उतार उतरत नाही, तर क्रूझरवाला काय उतरणार!

हा मुद्दा मात्र चुकूनही अर्जात लिहू नका. तो खरा आहे, त्यावर कोणाला तरी उत्तर द्यावं लागेल. संध्याकाळी वाहनं मोजा, फ्लॅट आणि दुकानांचं पार्किंग वेगळं ठेवा, रस्त्याची रुंदी जागेवर टेप लावून तपासा, असल्या मागण्या केल्या तर उगाच काहीतरी पदरात पडायचं. त्यापेक्षा ‘कॉलनीची संस्कृती बिघडेल’ लिहा. त्यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि काम कोणाच्याच अंगावर येत नाही.

सुनावणीला महापालिकेच्या 17 मजली इमारतीत जायचं झालं, तर चौघं चार गाड्यांनी जा. एका गाडीत गेलात तर संख्याबळ दिसत नाही. खाली जागा मिळाली नाही तर गाडी फाटकाशी तिरपी लावा आणि वर जाऊन ‘पार्किंगअभावी नागरिकांचे हाल’ यावर बोला.

एवढं करूनही संकुल मंजूर होण्याची शक्यता आहेच. म्हणून हरकतीचा अर्ज टाकला त्याच आठवड्यात दर्शनी बाजूचा एक गाळा जावयाच्या नावाने बोलून ठेवा. टोकन देण्याआधी बिल्डरला तेवढं विचारून घ्या: भाऊ, गिऱ्हाइकाला समोर रस्त्यावर गाडी लावू देतील ना?