फुली कुठे गेली?

टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचा म्हणजे एक वायर लावायची, बस्स, असं सांगणाऱ्या माणसाचा टीव्ही भिंतीवर नसतो, टेबलावर असतो. आमचा भिंतीवर आहे. बसवायला आलेल्या मुलाने तो इतक्या मनापासून ठोकलाय की मागे तळहात जातो, मनगट जात नाही. आणि ती वायर जिथे लावायची ती एचडीएमआयची भोकं बरोब्बर मनगटापलीकडे. त्यामुळे मी गालाने भिंत घासत पिन चाचपडायची आणि नवऱ्याने मोबाइलचा टॉर्च नेमका माझ्या डोळ्यांत मारायचा, अशी सुरुवात झाली.

मुलगा पुण्याला शिकायला गेला, जाताना लॅपटॉप घेऊन गेला आणि जुना डेस्कटॉप मागे राहिला. चांगला चालता आहे. भंगारवाला त्याचे जे पैसे सांगत होता त्यात ठाण्यात दोन वडापाव आले असते. मग म्हटलं, हाच टीव्हीखाली ठेवू. सिनेमे, सहलींचे फोटो, आईंना (म्हणजे सासूबाईंना) जुनी नाटकं, सगळं मोठ्या पडद्यावर. वायर आणायला लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने दोन वायरी पुढे टाकल्या. एकीची किंमत दुसरीच्या चौपट. "मॅडम, गोल्डवाली लो, पिक्चर एकदम चकाचक." या वायरीतून आकडे जातात. ते पोचतात किंवा पोचत नाहीत. सोन्याच्या पिनेतून गेले म्हणून काही उजळून निघत नाहीत. हे मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि स्वस्तातली वायर कागदात गुंडाळली.

वायर लागली, चित्र आलं, टाळ्या झाल्या. मग मी कॉम्प्युटरवर एक खिडकी उघडली आणि ती बंद करायला गेले, तर उजव्या कोपऱ्यातली फुली नाही. खाली घड्याळ नाही. टास्कबारची, म्हणजे तळाच्या पट्टीची, वरची कड तेवढी पाण्याबाहेर. डेस्कटॉपवरच्या फोल्डरांच्या नावांची पहिली अक्षरं भिंतीत गेलेली.

याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा कधीच सरळ नसायच्या. विजेचा दाब खालीवर झाला की चित्रही आकसायचं, फुगायचं. म्हणून चित्र मुद्दामच काचेपेक्षा थोडं मोठं टाकायचे, म्हणजे वेड्यावाकड्या कडा चौकटीआड जायच्या. बातम्या देणारी बाई मधोमध बसलेली असायची, कडेचा पडदा चार बोटं कमी दिसला म्हणून कोणी पत्र लिहीत नव्हतं. ट्यूब गेली, पाटासारखा सपाट टीव्ही आला, त्यातला प्रत्येक ठिपका मोजून जागेवर बसवलेला. तरीही टीव्हीने सवय सोडली नाही. कॉम्प्युटरने १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र मापात पाठवायचं, टीव्हीने ते ताणायचं आणि कडांचं मिळून पाच टक्के चित्र छाटून टाकायचं. वरून २७ ओळी, खालून २७. टास्कबार सगळा मिळून ४० ओळींचा! राहिल्या तेरा.

हे मी घरात समजावून सांगितलं. नवरा म्हणाला, "पण चित्र तर दिसतंय ना?"

हा या सगळ्या प्रकरणातला खरा त्रास. वायर, ठिपके, ओळी यांच्याशी भांडता येतं. "दिसतंय ना" म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, कारण त्याला खरोखरच दिसत असतं.

मी कॉम्प्युटरच्या बाजूने प्रयत्न सुरू केले. रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं ते, बदललं की अख्खा पडदा काळा होतो आणि मधोमध टीव्हीचा एक तरंगता चौकोन येतो: मोड नॉट सपोर्टेड. त्या काळोखामागे कॉम्प्युटर अदबीने विचारत असतो, हे असंच ठेवू का? पंधरा सेकंद वाट पाहतो. आपल्याला प्रश्न दिसत नाही, उत्तराचं बटण दिसत नाही, आपण श्वास रोखून उभे. मग तो आपला आपण पूर्वपदावर येतो. ही पंधरा सेकंदांची सोय ज्याने कोणी केली त्याला माझ्याकडून पुरणपोळी. आईंना मात्र दर वेळी वाटायचं की आता टीव्ही गेला. त्या देवाचं नाव घेऊन आत जायच्या आणि पिक्चर आलं की बाहेर यायच्या.

शेवटी पुण्याला फोन लावला.

"आई, टीव्हीच्या रिमोटवर बघ. पिक्चर, मग अ‍ॅस्पेक्ट, मग जस्ट स्कॅन."

"तसलं काही नाहीये."

"मग स्क्रीन फिट असेल. नाहीतर फुल पिक्सेल. नाहीतर डॉट बाय डॉट. नाहीतर वन टू वन."

एकाच गोष्टीला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलंय, आणि आमच्या टीव्हीत त्यातलं एकही नव्हतं. सोळा बाय नऊ, चार बाय तीन, झूम एक, झूम दोन आणि 'सिनेमा', ज्यात माणसांची कपाळं जातात.

"मग इनपुटचं नाव बदल. एचडीएमआय एकला पीसी असं नाव दे."

"नावाने काय होणार?"

"दे तर."

रिमोटच्या बाणांनी एकेक खूण पुढे सरकवत मी त्या भोकाचं बारसं केलं. आणि खरंच, फुली आली! घड्याळ आलं. अक्षरांच्या कडेची जांभळट लव गेली. पोरगं सांगत होतं की टीव्ही एरवी रंगांची माहिती चार-चार ठिपक्यांत वाटून घेतो. सिनेमात ते कळत नाही, पण काळ्यावर लाल अक्षर लिहिलं की फराटे दिसतात. पीसी म्हटलं की तो प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग देतो. एवढं सगळं त्याला येत होतं, फक्त नाव ठेवलेलं नव्हतं म्हणून अडून बसला होता.

मग रात्री एक रहस्यपट लावला. खून झाला म्हणे. आम्हाला दिसला नाही. किंकाळी आली तीही टीव्हीतून नाही, खाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डबड्यातून. आवाजाचं एका मिनिटात जमलं. अंधाराचं जमेना. कॉम्प्युटर काळ्याला शून्य मानतो आणि पांढऱ्याला २५५. टीव्ही काळं १६ पासून धरतो, पांढरं २३५ ला संपवतो. सोळाच्या खालचं सगळं त्याच्या लेखी काळंकुट्ट, मग तिथे खुनी उभा असो की कपाट. उलट बाजूने सेटिंग फिरवलं तर रात्रीचं महाबळेश्वर झालं, सगळीकडे धुकं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याचे आकडे मान्य करायला लावायचे असतात. माझ्या अनुभवात टीव्ही मान्य करत नाही. कॉम्प्युटर समंजस असतो.

कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळत होतं तेही मलाच दिसत होतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, टीव्ही ६० वेळा चित्र बदलणारा. चोविसाने साठला भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं लंगडत जावं लागतं. मी टीव्हीतलं 'स्मूद मोशन' चालू केलं. हे यंत्र दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच्या मनाने काढून घालतं. लंगडणं थांबलं आणि इतका खर्चिक सिनेमा रात्री आठच्या मालिकेसारखा दिसायला लागला. आई खूश. "आता कसं छान दिसतंय. माणसं घरातलीच वाटतात." मी ते बंद केलं आणि कॉम्प्युटरलाच २४ वर बसवलं. आई चार दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

आता घरात एक नियम आहे: आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर. टीव्ही आपली ओळख, माप आणि झेपणारे आकडे एका छोट्याशा चिठ्ठीत कॉम्प्युटरला कळवतो. आमचा टीव्ही झोपेत असेल तर चिठ्ठी मिळत नाही आणि कॉम्प्युटर समोर सर्वात गरीब टीव्ही आहे असं धरून चालतो. नवरा उलट्या क्रमानेच चालू करतो आणि मला स्वयंपाकघरातून बोलावतो. त्याला नियम पाठ आहे. त्याला तो पटलेला नाही, इतकंच.

हे सगळं जुळल्यावर आईंसाठी दूरदर्शनच्या काळातलं एक नाटक लावलं. तेव्हाचं चित्र चार बाय तीन, त्यामुळे मध्ये नाटक आणि दोन्ही बाजूंना मिळून पडद्याचा चौथा हिस्सा काळा. आई पहिल्या प्रवेशापर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पैसे सगळ्या टीव्हीचे दिलेत ना?"

मी त्यांना प्रमाण समजावलं. रुंदी, उंची, तेव्हाचा कॅमेरा. ऐकता ऐकता त्यांनी माझ्या मांडीवरचा रिमोट उचलला, नेमकं ते एक बटण दाबलं आणि नायक, नायिका, नायिकेचा क्षयी भाऊ, सगळे एक तृतीयांशाने रुंद झाले. चित्र भिंतभर पसरलं.

"बघ," आई समाधानाने रेलून बसत म्हणाल्या, "पूर्वीचे नट कसे खात्यापित्या घरचे असायचे."